परवाना न मागणारा दुकानदार



मागच्या जिल्हा बैठकीत भाषणे संपली, ठराव झाले, जेवणाच्या पंगती बसल्या. त्या गडबडीत एक शेतकरी आम्हाला मांडवाच्या मागे घेऊन गेला. खिशातून मोबाइल काढला, काचेला तडा गेलेला. पडद्यावर बंदुकीचे चित्र. बारा बोअर, दुनळी, लाकडी दस्ता चकचकीत. खाली लिहिलेले : 'शेतकऱ्यांसाठी खास. रानडुक्कर आणि रोह्यांपासून पिकाचे संरक्षण. परवान्याची गरज नाही. माल घरपोच.'

"साहेब, याले अठरा हजार देल्ले. बंदूक काही आली नाही."

अठरा हजार एकदम गेले नव्हते. आधी 'बुकिंग'चे अडीच हजार. मग गाडी निघाल्याचा फोटो आला आणि वाहतुकीचे सात हजार झाले. मग गाडी कोठल्याशा नाक्यावर अडली, म्हणून 'विम्या'चे साडेआठ हजार; हे परत मिळणार होते म्हणे. त्यानंतर आणखी बारा हजार मागितले, तोवर घरात काही उरले नव्हते, म्हणून हा थांबला. उरले असते तर तेही दिले असते, असे त्यानेच सांगितले. अडीच क्विंटल कापसाचे पैसे. वेचणीची मजुरी त्यातून गेलेली नाही, ती वेगळी.

आम्हाला वाटले, आता हा म्हणेल की पैसे परत मिळवून द्या. त्याने बोट फिरवून दुसरी जाहिरात काढली. दुसरा विक्रेता, दुसरा नंबर, बंदूक जवळपास तीच.

"हा कसा आहे, पाहून सांगता का? हा भरवशाचा दिसते. याच्या खाली लोकायनं चांगलं लिवलं हाये."

या प्रश्नाला मांडवामागे उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. त्यानंतर तीन तालुक्यांत हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

या भावाला कोणी हसू नये. शहरात बसून 'इतका कसा फसला' म्हणणे सोपे आहे. त्याची तीन एकर ज्वारी दुधात आली होती. दोन रात्री तो जागलीला गेला नाही, कारण मुलगी दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेला तर रूळ फिरवल्यासारखी ज्वारी आडवी. डुकरे खातात थोडे आणि पाडतात फार. कणीस जाते, कडबाही जातो. पऱ्हाटीत रोह्यांचा कळप शिरला की कोवळे शेंडे आणि बोंडे ओरबाडून जातो. पेरणीच्या दिवसांत तर डुक्कर तासाला तास धरून टोबलेले बी उकरून खाते, जणू कोणी त्याला ओळ आखून दिली आहे. कृषी महाविद्यालयात आम्ही ज्वारीच्या किडींवर पानेच्या पाने लिहिली : खोडमाशी, खोडकिडा, मिजमाशी. त्यांचे आयुष्यचक्र, नुकसानीची पातळी, फवारणीचे प्रमाण, सगळे पाठ होते. रानडुक्कर हा शब्द परीक्षेत कधी आला नाही. आज आमच्या भागातला शेतकरी ज्वारी का सोडतो, असे विचारले तर भावाच्या जोडीने दुसरे कारण तो हेच सांगतो. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की बैल गेला. हिशेब इथवर पोचतो.

अशा वेळी माणूस काय काय करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या साड्या बांधतो, फटाके फोडतो, डबे वाजवतो. ऐपत असली तर झटका मशीन लावतो. आणि काही जण कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडतात. त्या तारेने डुकरे मेली तशी माणसेही मेली, शेजारचा गडी मेला, स्वतःचा मुलगा मेला, आणि मागे राहिलेला तुरुंगात गेला. हे आम्ही कोणाला नव्याने सांगत नाही. सांगायचे एवढेच, की बंदुकीच्या जाहिरातीला भुलणारा माणूस हावरट नाही. तो रात्री झोपलेला नाही. जाहिरात करणाऱ्याला हे नेमके कळलेले आहे आणि 'शेतकऱ्यांसाठी खास' हे शब्द त्याने त्यासाठीच घातले आहेत.

आता विक्रेता भरवशाचा कसा ओळखावा? आमचे उत्तर एका वाक्याचे आहे. जो तुमचा परवाना मागत नाही, तो भरवशाचा नाही. त्याचे दुकान, त्याचा फोटो, त्याच्या खालचे शेरे, त्याची गोड भाषा, पुढचे काहीही तपासायची गरज नाही. तिथेच थांबावे.

यामागचे कारण असे. शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्यात बंदूक बाळगणाऱ्यालाही परवाना लागतो आणि विकणाऱ्यालाही. २०१९ साली कायदा आणखी कडक झाला. परवान्याशिवाय साधी बंदूक जवळ सापडली तर कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद, वर दंड. परवान्याशिवाय विकणाऱ्याला कमीत कमी सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. मग 'परवान्याची गरज नाही, घरपोच' असे चारचौघांत लिहिणारा माणूस कोण असेल? एक तर त्याच्याकडे बंदूकच नाही. तो फक्त चित्र विकतो आणि म्हणून त्याला सात वर्षांची भीती नाही. नाही तर त्याच्याकडे खरोखर हत्यार आहे आणि ते चोरीचे किंवा गावठी आहे. पहिला तुम्हाला लुटतो. दुसरा तुम्हाला आरोपी करतो. या दोघांत पहिला बरा, असे म्हणायची पाळी येते.

आणि दोघांनाही एक गोष्ट पक्की माहीत असते, की तुम्ही पोलिसांत जाणार नाही. त्यांचा धंदा या भरवशावर चालतो. अठरा हजार गेले म्हणून ठाण्यात जावे तर पहिला प्रश्न येणार, 'कशासाठी दिले होते?' आपल्या त्या भावाने दीड महिना बायकोलाही सांगितले नव्हते.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. बिनपावतीच्या बियाण्याचा विचार करा. जूनमध्ये कोणी तरी मोटारसायकलवर येतो, पिशवीवर कंपनीचे नाव असते किंवा नसते, तणनाशक मारले तरी पऱ्हाटी मरणार नाही म्हणतो. दुकानापेक्षा दर कमी असतो. उगवले तर ठीक. नाही उगवले तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायचे, आणि तो विचारतो, पावती? लॉट नंबर? पिशवी जपून ठेवली का? पावती नाही म्हणजे पंचनामा नाही, पंचनामा नाही म्हणजे भरपाई नाही. नवे तंत्रज्ञान शेतकऱ्याला मिळाले पाहिजे हे आमचे मत जुनेच आहे आणि ते बदललेले नाही. पण पावती न देणारा शंभर-दोनशे रुपये सोडतो आणि त्या बदल्यात आपला तक्रारीचा हक्क घेऊन जातो, हे प्रत्येक हंगामात दिसते. बियाण्यात एक खरीप जातो. बंदुकीत पाच वर्षे जाऊ शकतात.

खरा दुकानदार कसा वागतो, ते आम्ही स्वतः जाऊन पाहिले. परवाना असलेल्या एका कार्यकर्त्याला काडतुसे घ्यायची होती, त्याच्याबरोबर गेलो. अरुंद दुकान, लोखंडी जाळी, भिंतीवर दुकानाचा परवाना काचेत लावलेला. दुकानदार विकायला मुळीच उतावळा नव्हता, उलट जरा त्रासिकच होता. मूळ परवाना मागितला, झेरॉक्स चालणार नाही म्हणाला. त्यावरचा यूआयएन नंबर पाहिला. देशभरातल्या परवान्यांची एकच नोंदवही आता संगणकावर आहे आणि तिच्यातला हा नंबर नसेल तर परवान्याला किंमत नाही. मुदत पाहिली. कोणत्या जातीचे हत्यार, किती काडतुसे, हे वाचले. मग आपल्या वहीत लिहिले, परवान्यावर नोंद केली, पावती फाडली. एवढ्या काडतुसांसाठी पाऊण तास गेला. बंदूक घ्यायची असती तर तिचा नंबर परवान्यावर चढतो आणि ठरलेल्या मुदतीत ती अधिकाऱ्याला दाखवावी लागते. आमचा कार्यकर्ता वैतागला. आम्हाला मात्र समाधान वाटले. हा माणूस गिऱ्हाईक गमवायला तयार होता, पण स्वतःचा परवाना गमवायला तयार नव्हता. ज्याला काही गमवायची भीती आहे, त्याच्याशी व्यवहार करता येतो.

परवानाधारक दुकानदारही आता इंटरनेटवर बंदुकांची चित्रे आणि दर टाकतात. त्यात गैर काही नाही. मोबाइलवर दर पाहणे हा गुन्हा नाही आणि चार दुकानांचे भाव घरबसल्या कळले तर चांगलेच. पण चित्र पाहणे आणि सौदा करणे यांत अंतर ठेवावे. सौदा दुकानात होतो, परवाना टेबलावर ठेवून होतो. बंदूक कुरिअरने येत नाही, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येत नाही, 'आमचा माणूस बसस्टँडवर आणून देईल' अशीही येत नाही.

दुकानाची खात्री करायची तर नाव आणि पत्ता घ्यावा आणि आपल्या कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्याचे काम पाहणाऱ्या टेबलावर विचारावे. दुकान पोलीस आयुक्तालयाच्या शहरात असेल तर आयुक्तांच्या कार्यालयात विचारावे. जीएसटी नंबर सांगितला तर तो सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो. गावातला बारावी झालेला पोरगा दोन मिनिटांत काढून देईल. तिथे दिसणारे नाव आणि समोरचा सांगतो ते नाव जुळते का? पैसे दुकानाच्या नावाच्या खात्यात जातात, की कोणा 'कुमार'च्या मोबाइल नंबरवर? दुसऱ्या राज्यातले दुकान असेल तर आपला परवाना तिथे चालतो का, नेआणीला वेगळी परवानगी लागते का, हे आधी कचेरीत विचारावे आणि मगच गाडीभाडे खर्च करावे.

परवान्याचा फोटो पाठवला म्हणून विश्वास ठेवू नये. फोटो कोणाचाही कोणीही पाठवतो. खऱ्या दुकानदाराच्या परवान्याचा फोटो चोराकडे असू शकतो. म्हणून जाहिरातीतल्या नंबरवर विचारण्यात अर्थ नाही. दुकानाचा नंबर दुसरीकडून मिळवावा, आणि जमले तर जाऊन यावे. खालचे 'छान माल, वेळेवर मिळाला' हे शेरे लिहिणारे बहुधा त्याचेच भाऊबंद असतात. लष्करातल्या जवानाचे ओळखपत्र दाखवून 'बदली झाली, म्हणून विकतो' म्हणणारा ही तर जुनी चाल आहे. त्या ओळखपत्रावर मोटारसायकली विकल्या गेल्या, फ्रिज विकले गेले, आता बंदुका निघाल्या. जवानाच्या वर्दीवर आपला जीव आहे हे चोराला ठाऊक आहे. 'ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचा अधिकृत एजंट' म्हणवणारा भेटला तर एवढे सांगावे, की ते बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ रोजी संपले आणि त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. संपलेल्या बोर्डाचा एजंट आजही फिरत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

आणि ते क्यूआर कोडचे चौकोन. 'पैसे परत पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असे कोणी म्हणाले की मोबाइल खिशात टाकावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. आपल्या माणसाचे दोन हजार 'परताव्या'च्या नावाखाली असेच गेले होते. ते त्या अठरा हजारांत त्याने धरले नव्हते, मागाहून आठवले.

जुनी बंदूक घेण्याबद्दलही विचारणा होते. गावात एखाद्या जुन्या घरात आजोबांची बंदूक असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, त्यामुळेही काही बंदुका विकायला निघाल्या. परवानाधारक माणूस आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो. पण आधी त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. ते पत्र, त्यावरचा पोचेचा शिक्का, तारीख, हे पाहिल्याशिवाय हात लावू नये. ओळखीचा आहे, सोयरा आहे, म्हणून हे सोडू नये. सोयऱ्याच्या बंदुकीचा नंबर तुमच्या परवान्यावर चढलेला नसेल, तर पोलीस सोयरीक विचारणार नाहीत.

बंदुकीच्या नावाखाली आणखी काही माल येतो. छर्ऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नाही, असे सांगतात. ०.१७७ इंच बोअर आणि वीस जूलच्या आतल्या शक्तीपुरते ते खरे आहे. पण त्या एअरगनने डुकराच्या कातडीला काही होत नाही. त्याहून मोठी 'खास डुकरासाठी' म्हणून कोणी देत असेल तर तिला परवाना लागतो, विक्रेता काहीही सांगो. सातपुड्याच्या बाजूने येणारे गावठी कट्टे तर शेतकऱ्याने नजरेसमोरही आणू नयेत. त्या नळीचे पोलाद कोणते, ते करणाऱ्यालाही माहीत नसते; फुटली तर चालवणाऱ्याच्या हातात फुटते.

सगळ्यात मोठी लबाडी मात्र पाइपच्या 'बंदुकी'ची. प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी टाकायचे, गॅस तयार होतो, लायटरने पेटवले की मोठा आवाज. वानरे पळवायला म्हणून ही आपल्या वावरातच आली. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून लोकांनी केली, मग विकायला लागले. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळकडे, ती फटाका म्हणून विकली गेली आणि शंभराच्या वर लोकांचे, त्यांत बहुतेक मुले, डोळे भाजले. काहींची दृष्टी गेली. बार उडाला नाही म्हणून पोरगे पाइपात डोकावते आणि तेवढ्यात गॅस पेटतो. ज्यांच्या गोठ्यात ती पडली आहे, त्यांनी आज संध्याकाळी तिचे तुकडे करावेत.

आता ज्या गोष्टीचा आम्हाला खरा राग आहे, ती सांगतो. आपला शेतकरी चोराच्या दारात जातो, कारण सरळ दार त्याला बंद वाटते. "लायसन मले कोन देते? ते तर बंगलेवाल्याचं काम," असे तो म्हणाला. हा समज चुकीचा आहे आणि कायद्याचा कागद आपल्या बाजूने आहे. शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीक संरक्षण हे कारण नाव घेऊन लिहिले आहे. त्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, आणि ठासणीची पुरणार नाही असे अधिकाऱ्याला पटले तर किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक. १४ वे कलम म्हणते, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा. दोन एकरवाल्याला कचेरीत 'तुला कशाला पाहिजे बंदूक' असे विचारले जाते, तेव्हा ते कामाला येते. नाकारले तर कारण लेखी नोंदवावे लागते, मागितले की द्यावे लागते. सार्वजनिक हिताचे नाव सांगून ते रोखता येते, पण तशी वेळ पीक संरक्षणाच्या अर्जावर यायला नको. त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

कागदावर हे सगळे आहे. प्रत्यक्षात ठाण्याचा अहवाल येत नाही, आला तर त्रुटी निघते, साहेबांची बदली होते, फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर. आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याची निवडणुकीत वेगळीच गंमत. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबर २०२४ ला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. बंदुका ठाण्यात जमा करा म्हणून नोटिसा निघाल्या, कधी, तर कापूस वेचणीला आणि डुकरे ऐन भरात. वास्तविक कोणाचे हत्यार जमा करायचे हे छाननी समितीने एकेक पाहून ठरवायचे असते. पीक संरक्षणाचा परवाना असलेल्याने नोटीस मिळताच तसा अर्ज द्यावा. मंजूर होईलच असे नाही, पण अर्ज न देता बंदूक टाकून येऊ नये.

आणखी एक, नाही तर कोणी या लेखावर बोट ठेवून बार काढायचा. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर आणि रोही हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. सुधारलेला कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि त्यात ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करतात म्हणून मारायचे तर त्या कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वन खात्याची लेखी परवानगी लागते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे नळी वळवूही नये. परवानगी नसताना बंदुकीचा उपयोग हवेत बार काढण्यापुरता. हा कायदा शेतकऱ्याला विचारून केलेला नाही, हे आम्ही बैठकांतून बोलतोच. पण तो बदलेपर्यंत तो मोडण्याची किंमत तुम्ही भरावी, असा सल्ला आम्ही देणार नाही.

एक कबुली द्यायची राहिली. ती पहिली जाहिरात आपल्या भावाला मिळाली कोठून? आम्ही त्याला विचारले, तर तो आधी बोलेना. मग म्हणाला, "आपल्याच गटावर होती ना, साहेब." तालुक्याच्या कार्यकर्त्यांच्या मोबाइल गटावर ती चार दिवस पडून होती. कोणी तरी टाकली, दुसऱ्याने पुढे पाठवली. आम्ही स्वतः ती पाहिली होती. एसटीत होतो, अंगठा वर सरकवला आणि पुढचा निरोप वाचला. कृषी पदवीधर, वीस वर्षे गावोगाव 'पावती घ्या, पावती घ्या' म्हणून सांगणारे, आणि आपल्या नजरेखालून ती गेली. गटावर आहे म्हणजे संघटनेने पाहिलेली असणार, असे त्याने धरले. त्यात त्याची काय चूक? आम्ही त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या." पण ते जाऊ द्यायचे नाही. यापुढे गटावर बियाणे, औषध, बंदूक, मशीन, कशाचीही विक्रीची जाहिरात येणार नाही. आली तर टाकणाऱ्याला त्याच दिवशी गटाबाहेर काढले जाईल, पदाधिकारी असला तरी.

त्या भावाला घेऊन आम्ही आधी ओळखीच्या वकिलाकडे गेलो आणि मग तक्रार दिली. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. दीड महिन्यानंतर ती जवळपास राहत नाही आणि त्याचे पैसे अजून आलेले नाहीत. ज्यांचे असे गेले असतील त्यांनी लपवू नये. वकिलाशी बोलण्यासाठी आम्ही बरोबर येऊ. त्या वकिलाने पैसे घेतले नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

पुढच्या जिल्हा बैठकीत मांडवाच्या डाव्या बाजूला एक टेबल असेल. पीक संरक्षणाच्या परवान्यासाठी ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी सातबारा, आधार, फोटो आणि मागच्या दोन हंगामांत वन खात्याकडे दिलेल्या नुकसानीच्या अर्जांच्या पोचा आणाव्यात. पोचा नसतील तर निदान पंचनाम्याची तारीख आणावी. अर्ज एकेकटे द्यायचे नाहीत, सगळे मिळून एका दिवशी कलेक्टर कचेरीत द्यायचे आणि प्रत्येकाची पोच घ्यायची. त्याच दिवशी जिल्ह्यातल्या परवानाधारक शस्त्र विक्रेत्यांची यादी प्रत्येक तहसील कचेरीच्या फलकावर लावावी, अशी लेखी मागणी करायची आहे. पहिला अर्ज त्या भावाचा आहे. त्याच्या सातबाऱ्यावर पीक पाहणीत ज्वारीची नोंद व्हायची राहिली होती. तलाठ्याकडे ती करून घ्यायला तो मंगळवारी जाणार आहे.